नारिंगी शंकूची कुळकथा

रस्ता खणताना वाहनांस आडवा ठेवतात तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा शंकू आता घरोघरच्या संगणकाच्या पडद्यावरही दिसतो. त्यावर टिचकी मारली की लग्नाची चित्रफीत सुरू होते. रस्त्यावरची ही वस्तू पडद्यावर कशी आली, ह्याची हकिकत मोठी मौजेची आहे.

पॅरिसच्या ‘एकोल सांत्राल’ ह्या नामांकित अभियांत्रिकी विद्यालयातील मुलांचे गाऱ्हाणे असे की, वसतिगृहातील संगणकांचे जाळे इतके मंद, की त्यावर धड खेळताही येत नाही. पण ‘आम्हांस खेळायचे आहे, पैसे द्या’ असे चालकांना सांगायचे कोणत्या तोंडाने? तेव्हा एक तोड निघाली. छपरावर एकच मोठी तबकडी बसवावी आणि उपग्रहावरचे दूरचित्रवाणी-कार्यक्रम जाळ्यावरून खोल्याखोल्यांत पोचवावेत. एवढा भार पेलायचा तर जाळे वेगवान हवेच! अशा रीतीने १९९६ साली ‘व्हिडिओलॅन’चा उद्योग सुरू झाला. कार्यक्रम धाडणारा तो सर्व्हर, घेऊन दाखवणारा तो क्लायंट. ‘व्हिडिओलॅन क्लायंट’ची आद्याक्षरे म्हणजेच व्ही.एल.सी. आणि शंकू? तो मुलांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंची आठवण. (कोणाच्या परवानगीने, हे विचारू नये.)

पुढे, १९९८ पासून, सारे काम नव्याने लिहिले गेले. मात्र ते जगाला द्यायचे तर विद्यालयाची संमती हवी होती. ती मिळाली आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी ते ‘जीपीएल’ परवान्याखाली खुले झाले. कोणीही वापरावे, नकलावे, बदलावे. बदललेले दुसऱ्यास देताना मात्र त्याची मूळ संहिताही त्याच अटींवर द्यावी, असा तो करार. २००९ साली ना-नफा संस्था होऊन हा संसार विद्यालयापासून वेगळा झाला.

चित्रफिती नाना सांकेतिक रीतींनी दाबून साठवलेल्या असतात. पूर्वी प्रत्येक रीतीची किल्ली, म्हणजे कोडेक, निराळी शोधून बसवावी लागे. व्ही.एल.सी. बहुतेक किल्ल्यांचा जुडगा आपल्या कमरेलाच बाळगते. म्हणून ते एकदा बसवले की दारोदार हिंडणे नको.

२०२२ साली भारतातील अनेक जाळ्यांवरून त्यांचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. संस्थेने कायदेशीर नोटीस दिली. १४ नोव्हेंबरला बंदी उठली. दिवाळी मात्र त्याआधीच होऊन गेली होती. आमच्या घरी त्याच दिवाळीत नवा संगणक आला होता आणि जुन्या लग्नाची तबकडी त्यावर चालेना. भाच्याने पूर्वी उतरवून ठेवलेली व्ही.एल.सी.ची प्रत पेनड्राइव्हवरून आणली. नक्कल करण्याची मुभा परवान्यातच होती. त्यात चोरी कसली? चार-दोन वेळा ‘पुढे’ म्हटले, शंकू पडद्यावर उमटला. तबकडीत मंगलाष्टके चालू होती आणि मागून आजी कोणाला तरी दटावत होती, “अरे, अक्षता आधी वाटा!” तिचा आवाज आम्ही अकरा वर्षांनी ऐकत होतो.