चिठ्ठी दाखवा

आईचे थोरले मामा, आमचे तात्या, पुण्यात शिपाई म्हणून भरती झाले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं डीबीत, म्हणजे गुन्हे शोध पथकात. सुट्टीत आम्ही पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो ते जोशी-अभ्यंकर खुनांसाठी. 1976-77मध्ये ते खून करणाऱ्या टोळीने पुण्याला दिवेलागणीलाच दारं लावून घ्यायला शिकवलं होतं. तात्या मात्र ते झटक्यात उरकत. ‘त्यात काय, दहा माणसं मारली, चौघं फासावर गेली,’ असं म्हणून ते कुठल्यातरी वाड्यातल्या स्वयंपाकघरात शिरत.

ही स्वयंपाकघरं अ.मृ. रजिस्टरातली. आकस्मिक मृत्यू, सून भाजली, स्टोव्हचा भडका उडाला. तात्या आधी स्टोव्हजवळ बसायचे. टाकी फुटलीय का, पंप मारलेला आहे का, पिन कुठंय, भांड्यात शिजत काय होतं. भडक्यात बहुधा पदर, पोट, मांड्या भाजतात; रॉकेल वरून ओतलं असेल तर केसांनाच वास येतो. स्टोव्ह शाबूत, टाकी काठोकाठ, आणि सासरे पंचांना चहाचा आग्रह करताहेत, असंही त्यांनी पाहिलेलं. तरी कागदावर काही चढत नसे. जळीत वॉर्डात डॉक्टर शुद्धीवर असल्याचा शेरा देत, दंडाधिकारी लिहून घेत, आणि बाई म्हणे, माझ्याच हातून झालं. दाराशी सासूच्या कडेवर तिचं पोर असे. ‘मरणारा माणूस खोटं बोलत नाही, असं कायदा मानतो,’ तात्या म्हणत, ‘आई बोलते.’

ती आधीच चौकीवर आली असती तर? आलीच, तर कलम 323ची, साध्या मारहाणीची एनसी. अदखलपात्र, कोर्टात जा, बाई. नोव्हेंबर 1983मध्ये येरवड्यात त्या चौघांना फाशी झाली आणि पुढच्याच महिन्यात, 25 डिसेंबरला, कायद्यातल्या दुरुस्तीने 498-अ, म्हणजे नवऱ्याच्या नि सासरच्यांच्या छळाविरुद्धचं कलम, लागू झालं. चर्चा पहिल्या गोष्टीची झाली. माझ्या मते पुण्यातल्या घरांना दुसरी जास्त जवळची होती. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पदरीत्या गेली, तर शवविच्छेदनही त्याच दुरुस्तीने आलं. 1984मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष काढला. ‘ते मुंबईत,’ तात्या म्हणत. ‘आमच्याकडे बाकावर बसवून समजूत घालणारा हवालदार.’

कायदा बदलला तसे घरच्यांचे जबाबही बदलले. आता स्टोव्हऐवजी, तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता. तात्यांचा प्रश्न ठरलेला: चिठ्ठी दाखवा. कोणत्या डॉक्टरकडे नेलं, औषध काय दिलं? बहुतेकदा चिठ्ठी नसेच, फार तर एखाद्या मांत्रिकाचा अंगारा निघे.

एका घरात मात्र ती निघाली, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवलेली. शेजाऱ्यांनी रात्रीच्या ओरडण्याची तक्रार केली होती. मागच्या खोलीला बाहेरून कुलूप, आत बाई, मनगटांवर वळ. ती खरोखर आजारी होती आणि मारही खरा होता. वरिष्ठांचं म्हणणं एवढंच की वेडीच्या तक्रारीला काय अर्थ? तात्यांनी वेड्यांबाबतचा 1912चा कायदा काढला. इंग्रजी अमलातला, पण त्यात कलम होतं: घरचे छळत असतील किंवा हेळसांड करत असतील, तर पोलिसाने दंडाधिकाऱ्यांना कळवावं. (तीच तरतूद 1987च्या आणि मग 2017च्या कायद्यात पुन्हा आली. किती ठाण्यांत ती कुणी उघडून बघतं, हे विचारायला तात्या आता नाहीत.)

अहवाल गेला, नवऱ्याला समन्स निघालं, बाई येरवड्याच्या मनोरुग्णालयात दाखल झाली आणि काही महिन्यांत सुधारली. न्यायला कुणी आलं नाही. शेवटी रजा टाकून तात्याच तिच्या भावाला शोधत साताऱ्याकडे गेले. भाऊ जागेची अडचण सांगू लागला. तेवढ्यात भावजय बाहेर आली. म्हणाली, ‘आणा वन्संना. गोठ्याशेजारची खोली रिकामीच आहे. फक्त कुलूप लावायचं नाही, हे तुम्ही ह्यांना सांगून जा, माझं ऐकायचे नाहीत.’