गांजाची काडी आणि लाखेची मोहोर

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला असतो. कॉम्प्युटर शिकला आणि मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमवर काम करतो, एवढे आम्हाला माहीत होते. कसला माल, हे बरेच दिवस कोणी विचारले नाही. दिवाळीत फोनवर मी विचारले तेव्हा जरा चाचरत म्हणाला, "मामाआजोबा, गांजाचा." हे कळल्यावर बहिणीने देव पाण्यात घालायचेच तेवढे बाकी ठेवले. मी मात्र त्याला तासभर प्रश्न विचारत बसलो. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

त्याने सांगितले ते असे. कोलोरॅडोत २०१२ साली लोकांनी मतदान करून गांजा मोकळा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून त्याची परवानाधारक दुकाने सुरू झाली. (अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याने मात्र या धंद्याला अजून मान्यता दिलेली नाही, हा त्यांचा घोळ निराळा.) रोप ठराविक उंचीचे झाले की त्याला एक पट्टी बांधायची. पट्टीवर क्रमांक आणि आत रेडिओवर वाचता येणारी चकती. झाड कापले की ओले वजन, वाळले की सुके वजन, काड्या आणि पाने टाकून दिली तर त्यांचेही वजन. पुढे पुड्या भरल्या की प्रत्येक खोक्याला नवी चिठ्ठी, तिच्यावर चोवीस अक्षर-अंकांचा क्रमांक, आणि हा माल कोणत्या झाडांचा हे सरकारी वहीत जोडलेले. वही म्हणजे अर्थात कॉम्प्युटर. गाडीत माल चढला की त्याचा दाखला सोबत हवा, दुकानात उतरला की पुन्हा मोजणी. वजनात फरक निघाला तर कारण लिहायचे.

"आहे ना एकदम नवीन?" त्याने विचारले. मी म्हटले, बाळा, पट्टी नवीन आहे. बाकी सगळे आमच्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेले आहे, आणि त्या गोष्टीत आपल्या नगर जिल्ह्याचेही नाव आहे.

आजच्या मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटते, पण इंग्रजी अमलात गांजा हे परवान्याचे आणि कराचे पीक होते. मुंबई इलाख्यात गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) होते. आज उसासाठी ओळखला जाणारा हा मुलूख तेव्हा कोरडवाहू होता, आणि बाजरी-ज्वारीच्या शेजारी कुठे कुठे गांजाही होई. विक्रीचा कारभार १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली चाले.

या साऱ्याची चौकशी एकदाच नीट झाली. २ मार्च १८९३ रोजी लंडनच्या पार्लमेंटात केन नावाच्या सभासदाने बंगालमधल्या गांजाच्या लागवडीबद्दल आणि तिच्या परिणामांबद्दल प्रश्न विचारला. हे गृहस्थ दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. हिंदुस्थान सरकारने मग नुसत्या बंगालची नव्हे तर साऱ्या देशाची चौकशी करायला आयोग नेमला. सात सभासद, त्यांपैकी तीन हिंदी. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, आणि मुंबई इलाख्यातर्फे ओमानी नावाचे कलेक्टर. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि पूर्ण बंदी घालण्याची गरज नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येईल. माझे लक्ष गुंतले ते वजनकाट्यांत आणि नोंदवह्यांत.

त्या काळी माल मोजण्याची सर्वांत पक्की पद्धत बंगालमध्ये, राजशाही जिल्ह्यातल्या नौगावला होती. (ते आता बांगलादेशात.) तिथे पेरणीच्या आधी शेतकऱ्याने परवाना घ्यायचा. झाडे वाढू लागली की 'पोद्दार' म्हणून ओळखले जाणारे जाणकार शेतात फिरून नर झाडे उपटून टाकीत, कारण मादीच्या फुलोऱ्यात बी धरले की माल उतरतो. पीक उभे असतानाच सरकारी माणूस येऊन पाहणी करून जाई. पुढे माल तयार झाला की वजन, गोदाम, आणि बाहेर जाताना पास. ज्या जिल्ह्यात जायचा तिथे पोचला की पुन्हा वजन.

यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे गांजा वाळतो. निघताना दहा शेर असलेला माल पोचताना दहा शेर भरत नाही. मग कमी भरला तो उन्हाने की वाटेतल्या चोरीने? म्हणून सुकटीची सूट ठेवावी लागे, आणि सूट ठेवली की त्या सुटीत चोरीही लपते. डेन्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये वजनाच्या फरकाचे कारण लिहायचा रकाना आहे, तो याच दुखण्यावरचा.

दुसरी अडचण काडीची. नशा असते ती फुलोऱ्यावरच्या चिकात, काडीत काही नाही. नौगावला मालाचे तीन प्रकार होत. पायाने तुडवून चपटा केलेला, त्यात काडी जास्त. वळून गोल केलेला, त्यात काडी कमी. आणि चूर, त्यात काडी जवळजवळ नाहीच. एक शेर चपटा आणि एक शेर चूर तागडीत सारखेच, पण नशेत मुळीच सारखे नाहीत. म्हणून तिघांवर वेगवेगळा कर होता आणि चुरावर सर्वांत जास्त. म्हणजे पोत्यावर नुसते वजन लिहून भागत नसे. आत काय आहे हे उघडून, पाहून लिहावे लागे.

आयोगाच्या अहवालातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मात्र वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. सरकारी आकडे दाखवीत होते की गांजाने माणसे वेडी होतात. आयोगाने १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या रोग्यांची तपासणी केली. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग असे लिहिले होते. एकेकाची माहिती काढली तेव्हा कसाबसा ९८ जणांच्या बाबतीत तसा संबंध मानता आला. मग बाकीच्यांच्या नावापुढे ते आले कसे? तर रोग्याला घेऊन येणाऱ्या पोलिसाने सांगितले, किंवा कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून लिहिले गेले. तीच नोंद वर्षानुवर्षे आकड्यांत चढत गेली आणि मोठ्या डॉक्टरांनीही ती खरी धरली. चाळीस वर्षे हजेरीपटाचे शेरे लिहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही! रकाना असला की तो भरला जातो. भरणाऱ्याने पाहिले होते का, हे नंतर कोणी विचारत नाही.

आयोगाच्या शिफारशी साध्या होत्या. लागवड परवान्याने आणि मोजक्या, एकवटलेल्या क्षेत्रातच होऊ द्यावी. माल सरकारी देखरेखीच्या गोदामात जावा. वजनावर कर घ्यावा. किरकोळ विक्री परवान्याने आणि ठराविक मर्यादेत. नौगावला तर १९१७ साली गांजा पिकवणाऱ्यांनी स्वतःची सहकारी सोसायटी काढली आणि नफ्यातून शाळा-दवाखाने चालवले. सहकाराच्या या जिल्ह्यात बसून हे वाचताना गंमत वाटते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यात मादक वनस्पतीही आल्या. १९६१ च्या जागतिक करारात, ज्या देशांत गांजाची जुनी वहिवाट आहे त्यांना ती बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपल्याकडे अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू झाला. आज आपल्या जिल्ह्यात गांजाच्या पोत्यावर चिठ्ठी चिकटते ती एकाच ठिकाणी, पोलिसांच्या मुद्देमालावर.

अशा एका चिठ्ठीवर माझी सही आहे. १९९० नंतरची गोष्ट, तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. सरकारी नोकर म्हणून मला आणि एका ग्रामसेवकाला पंच म्हणून बोलावले. टेम्पोत तीन पोती सापडली होती. किराणा दुकानातला काटा आणून वजन केले. मग प्रत्येक पोत्यातून चोवीस-चोवीस ग्रॅमचे दोन नमुने काढले. गांजासाठी तसा नियमच आहे. नमुने पाकिटात, पाकिटाला दोरा, मेणबत्तीवर वितळवलेली लाख, त्यावर मोहोर, आणि चिठ्ठीवर आम्हा दोघांच्या सह्या. सारे दोन तासांत आटोपले.

साक्षीची वेळ तीन वर्षांनी आली. आरोपींत टेम्पोचा क्लीनर होता, वीस-बावीस वर्षांचा, आमच्या शाळेत असता तर नुकताच बाहेर पडला असता असा. बचावाच्या वकिलांनी मला एकच विचारले, "गुरुजी, मोहोरेवर कोणती अक्षरे होती?" मी पाहिली होती ती सांगितली. पंचनाम्यावर त्या मोहोरेचा ठसाच घेतलेला नव्हता, आणि प्रयोगशाळेत पोचलेल्या पाकिटावरची अक्षरे जुळत नव्हती. सगळे सुटले. तो मुलगा तोवर तुरुंगातच होता. तो निर्दोष असेल तर त्याची तीन वर्षे त्या लाखेखाली गेली. दोषी असेल तर तो त्याच लाखेमुळे सुटला. काय खरे, ते आता कोणालाच कळणार नाही, आणि हे मला आजही खुपते.

या कायद्यात वजनाला किती महत्त्व आहे ते पाहा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की कमीत कमी दहा वर्षे आणि जामीनही जवळपास अशक्य. आणि इथे ती जुनी काडी परत येते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने आणि बी त्यात येत नाही. पण उसाच्या किंवा तुरीच्या आडोशाला लावलेली झाडे पकडली की मुळापासून उपटून, ओली, मातीसकट तागडीत जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही निकालांत जामीन मिळाला आहे तो याच मुद्द्यावर, की शेंडे वेगळे काढून वजन केलेलेच नाही. नौगावच्या कारकुनाला जे कळत होते ते शंभर वर्षांनी वकिलांना पुन्हा सांगावे लागते.

सुधारणा होत नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात, नमुने मॅजिस्ट्रेटच्या देखरेखीखाली काढावेत असे बजावले. २०२२ च्या शेवटी जप्ती, साठा, नमुने आणि नाश यांसाठी स्वतंत्र नियमही आले. कागदावर तरी ते चांगले आहेत.

आणि मोजणे आपल्याला जमत नाही असेही कोणी म्हणू नये. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या मळीचा हिशेब पाहा. तिच्यापासून दारू होते, म्हणून ती त्याच १९४९ च्या कायद्याखाली येते. टाकीची नोंद, वाहतुकीचा पास आणि उत्पादन शुल्क खात्याची नजर, सगळे तिच्यामागे असते. घरोघरी मुले कारखान्यात आणि डिस्टिलरीत काम करतात, त्यांना हे पाठ आहे.

गांजा मोकळा करावा की नाही, यावर माझे मत विचाराल तर मी नको म्हणेन. वर्गात मागच्या बाकावर पेंगणारी मुले मी पाहिली आहेत. पण बहिणीला मी एवढे सांगितले, की पोरगा करतो ते काम हलके नाही. सरकार एखादी गोष्ट विकू देवो की बंद करो, पोत्यावर जे लिहिले आहे तेच पोत्यात असावे लागते. डेन्व्हरला चूक झाली तर दुकानदाराचा परवाना जाईल. आपल्याकडे एखाद्या क्लीनरचे तारुण्य जाते. म्हणून खरे तर ती काळजी तिथल्यापेक्षा आपल्याला जास्त हवी.

जाता जाता एक विनंती. नगर, राहुरी, नेवासे, शेवगाव या बाजूच्या जुन्या वाड्यांत अबकारी खात्याचे परवाने, पास, दुकानाच्या लिलावाच्या पावत्या अजून ट्रंकेत पडलेल्या असू शकतात. आजोबा-पणजोबा मक्तेदार होते हे सांगायला काही जण लाजतात. लाजू नका. कागद वाळवीच्या तोंडी देण्याआधी फोटो काढून मला पाठवा. नावे छापणार नाही, शब्द देतो.