गॅरेजची दंतकथा आणि मताचे मूल्य

गूगलचा इतिहास आपल्या मुलांना दोन ओळींत सांगितला जातो. दोन हुशार तरुण गॅरेजमध्ये बसले आणि त्यांनी जग जिंकले. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात हे सांगून झाले की पुढचे वाक्य ठरलेले असते : बघा, त्यांनी कुठे सवलत मागितली? म्हणून हा इतिहास आम्हाला एकदा नीट तपासावासा वाटतो.

गॅरेज खोटे नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये मेन्लो पार्क येथील सुझन वोजिस्की यांच्या घराचे गॅरेज भाड्याने घेतले होते. पण मुख्य काम त्याआधीच स्टॅनफर्ड विद्यापीठात झाले होते, आणि तेही सार्वजनिक पैशावर. तिथल्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पाला नॅशनल सायन्स फाउंडेशन, दार्पा आणि नासा या अमेरिकी सरकारी संस्थांचा निधी होता. सर्गेई ब्रिन त्याच फाउंडेशनच्या फेलोशिपवर शिकत होते. म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच की! ब्रिन यांचे वडील गणिताचे प्राध्यापक, लॅरी पेज यांचे संगणकशास्त्राचे. ऑगस्ट १९९८ मध्ये अँडी बेख्टोल्शाइम यांनी एक लाख डॉलरचा चेक लिहिला, तेव्हा कंपनीची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. त्यांच्याशी गाठ घालून दिली ती स्टॅनफर्डच्याच एका प्राध्यापकाने. दोघांची बुद्धी आम्ही नाकारत नाही. पण या शिड्या लपवून उरते त्याला ‘मेरिट’ म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. विद्यापीठाने तरी आपला वाटा वसूल केला. पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होते. त्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून विद्यापीठाला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले.

आता त्या पेटंटकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. तेव्हाची बहुतेक शोधयंत्रे पानावर शब्द किती वेळा आला, यावर भर देत. मग एकच शब्द शंभरदा लिहिणारे भोंदू वर येत. पेज आणि ब्रिन यांनी दुवे मोजले. एका पानाने दुसऱ्या पानाला दुवा दिला की ते एक मत. शोधनिबंधांतील संदर्भ मोजण्याची पद्धत जुनीच होती, ती त्यांनी वेबला लावली. मात्र सगळी मते सारखी नव्हती. ज्या पानाला आधीच वजनदार मते मिळालेली, त्याच्या मताला जास्त किंमत. कंपनीने याला वेबची लोकशाही म्हटले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ हे तत्त्व मांडले, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या कसोटीवर ही लोकशाही बसत नाही. कचरा मागे पडला, उत्तरे चांगली मिळू लागली, हे खरेच. पण नव्याने लिहिणाऱ्याला वर यायचे तर आधीच वर असलेल्याने त्याचे बोट धरावे लागते. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

१९९८ च्या शोधनिबंधात या दोघांनीच लिहून ठेवले होते की जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ सुरू केले. क्लिकमागे बोली लावण्याची पद्धत आधी ओव्हर्च्युअर या कंपनीने रुळवली होती. प्रकरण कोर्टात गेले. २००४ मध्ये गूगलने तिची नवी मालक असलेल्या याहूला २७ लाख शेअर देऊन ते मिटवले.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला गूगलचा शेअर ८५ डॉलरला बाजारात आला. सामान्य गुंतवणूकदाराच्या शेअरला एक मत, संस्थापकांच्या शेअरला दहा. २०१४ मध्ये एकही मत नसलेला शेअरही काढला. आज मूळ कंपनी अल्फाबेटमध्ये निम्म्याहून अधिक मते या दोघांच्या हातात आहेत.

अशा कंपनीत खालच्याचा आवाज कुठवर पोहोचतो? एप्रिल २०२२ मध्ये दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन तिथे जातिभेदावर बोलणार होत्या. काही कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि कार्यक्रम रद्द झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी टिकवली, असा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलेच शोधयंत्र असावे, यासाठी एकट्या २०२१ मध्ये कंपनीने २६ अब्ज डॉलरहून अधिक मोजले होते.