शेततळ्यात क्रेफिश? आधी तिलापियाची गोष्ट ऐका

मंडळी, "शेततळ्यात माशांबरोबर क्रेफिश सोडला तर?" असं हल्ली बरेच जण विचारतात. चीनमध्ये भाताच्या खाचरात, अमेरिकेत लुइझियानात त्याचा मोठा धंदा आहे, हे खरंच. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षासाठी शेततळी भरलेलीच असतात, तेव्हा मोह होणारच.

पण परका जीव पाण्यात सोडायचा अनुभव आपल्याला आहे. १९५२ मध्ये तिलापिया भारतात आणला. लोकांना स्वस्त मासा मिळावा, हेतू चांगलाच होता. तो एवढा पिलावळला की तळ्यांत खुरट्या माशांची नुसती गर्दी झाली, धरणांत देशी माशांची जागा त्याने घेतली. मग आफ्रिकन मांगूर आला. त्यावर २००० साली बंदी आली, तरी चोरून पाळणारे आहेतच!

क्रेफिशची गोष्ट तर याहून वाईट. १९०७ मध्ये स्वीडनमध्ये त्याच्यावर रोग आला आणि देशी क्रेफिशची तळीच्या तळी रिकामी झाली. रोग मूळ अमेरिकेतला. १९६० पासून तूट भरायला त्यांनी अमेरिकन क्रेफिश आणला, आणि तोच तो रोग वाहणारा निघाला.

आपलं शेततळं ओसंडलं की पाणी ओहोळाने कादवेत, गोदावरीत, तिथून नांदूरमध्यमेश्वरला. रामसर यादीत गेलेला तो जलाशय. तिथून क्रेफिश वेचून काढणार कोण?

भारतात क्रेफिश मुळात नाहीच. आपल्याकडे गोड्या पाण्याचा झिंगा आहे. त्याच्या पिल्लांना सुरुवातीला निमखारं पाणी लागतं, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी शोधलं, तेव्हा कुठे त्याचं बीज तयार करता यायला लागलं. म्हणून आजही बीज किनाऱ्याकडच्या हॅचरीतून आणावं लागतं.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या. मृगळ मात्र तळाशी, आणि झिंगाही तळाशीच. म्हणून झिंगा सोडला तर मृगळ नको. कात टाकलेल्या झिंग्याला बाकीचे खातात. प्लॅस्टिकच्या कागदावर लपायला काही नसतं, तर फुटकी कौलं, पाइपचे तुकडे टाका.

आणि निफाडची थंडी विसरू नका. गार पाण्यात झिंगा वाढत नाही, फार गारठला तर मरतो. बीज पावसाळ्याच्या तोंडाला सोडायचं, कडाक्याच्या थंडीआधी झिंगा बाहेर काढायचा.