मामाचा टेम्पो आणि १९५८ सालचं पीठ

गेल्या शनिवारी मामाकडे गेले होते. तालुक्याच्या गावी त्याचं किराणा आणि शेती-औषधांचं एकत्र दुकान आहे. सकाळी माल घेऊन टेम्पो आला. एका बाजूला कीटकनाशकांचे खोके, दुसऱ्या बाजूला मैद्याची पोती. मी बोलले, तर मामा म्हणाला, "अगं, मध्ये ताडपत्री आहे की! वीस वर्षं असंच आणतोय. वेगळी खेप म्हणजे वेगळं भाडं."

गप्प बसले, पण डोक्यात किडा वळवळत राहिला. रविवारी घरी येऊन वाचत बसले.

१९५८ च्या एप्रिल-मेमध्ये केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून जास्त माणसं मेली. ते पीठ जहाजातून आलं होतं आणि त्याच्याबरोबर फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन हे कीटकनाशकही होतं. डबे गळले, विष पोत्यांत मुरलं. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. तरी कीटकनाशक कायदा यायला १९६८ साल उजाडलं आणि नियम आले १९७१ मध्ये!

त्याआधी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, कोलंबियातल्या चिकिन्किरा गावात तेच घडलं. या वेळी ट्रकमध्ये. बोगोटाहून आलेल्या पिठात पॅराथिऑन सांडलं होतं. भट्टीत भाजूनही विष गेलं नाही. सकाळचा पाव खाऊन मेलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती.

आपला १९७१ चा नियम साधा आहे. कीटकनाशक अन्नाच्या किंवा पशुखाद्याच्या थेट संपर्कात येईल असं नेऊ वा ठेवू नये. वाटेत मिसळलंच, तर तपासणीशिवाय ते अन्न विकू नये. गळती झाली, तर तातडीने उपाय करायची जबाबदारी वाहतूकदाराची किंवा गोदामवाल्याची.

आता गंमत बघा. 'थेट संपर्क' म्हटल्यावर मामाची ताडपत्री नियमात बसते असंही कोणी म्हणेल. अमेरिकेतला नियम जास्त कडक आहे: विषाचं लेबल असलेला माल, पॅकिंगच्या काही सवलती सोडल्या, तर खाद्यपदार्थांच्या गाडीतच चढवायचा नाही. गळणारा द्रव ताडपत्रीच्या कडेनेही वाट काढतो.

ऑफिसात जुन्या कोडमधली एखादी विचित्र अट आम्ही उडवायला निघतो. मग कोणीतरी जुना माणूस सांगतो, एका रात्री सगळं कोसळलं होतं, म्हणून ती घातलीय. हा नियमही तसाच.

रात्री मामाला फोन करून केरळची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वेगळ्या खेपेचं भाडं विचारतो उद्या."