पेठेचा कौल ते ऑनलाइन कमिशन : विक्रेत्यावरील आकारणीचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : औरंगपुरा)

प्रस्तावना :
बाजारात माल मांडण्याचे मोल विक्रेत्याला प्रत्येक काळात द्यावे लागले आहे. आज ऑनलाइन बाजारपेठेच्या कमिशनविषयी छोटे दुकानदार जी तक्रार करतात, तिची मुळे इतिहासात शोधता येतात. प्रस्तुत लेखात मराठाकालीन पेठ, मोंढा आणि ऑनलाइन बाजारपेठ या तीन टप्प्यांतील आकारणीचा तौलनिक विचार केला आहे.

पेठ, कौल आणि इस्तावा :
मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत तिला औरंगाबाद हे नाव मिळाले आणि २०२३ पासून हे शहर छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. ‘बावन्न पुऱ्यांचे शहर’ ही त्याची परंपरागत ख्याती. औरंगपुरा हा त्यांपैकीच एक. शेजारच्या गुलमंडीसह तो आजही शहराच्या किरकोळ व्यापाराचे केंद्र आहे.

मराठाकाळात नवी पेठ वसविताना सरकार व्यापाऱ्यांना कौल देत असे. आरंभीची काही वर्षे मोहतर्फा व जकात माफ होई, पुढे आकारणी टप्प्याटप्प्याने वाढे. जमीनमहसुलात अशा चढत्या आकारणीस ‘इस्तावा’ म्हणत. पेठेची व्यवस्था शेटे व महाजन हे वतनदार पाहत आणि त्याबद्दल दुकानदारांकडून हक्क घेत. तात्पर्य, सवलतीने बोलावणे व बस्तान बसल्यावर वसुली करणे ही नीती नवी नाही. मात्र कौल लेखी असे आणि वाढीचे टप्पे व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असत.

मोंढा आणि अडत :
धान्य व कापसाच्या व्यापारात अडत्या हा मध्यस्थ प्रबळ झाला. अडतीबरोबरच हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा नावांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून रकमा कापल्या जात. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरे, त्यामुळे खरा भाव माल आणणाऱ्यास कळत नसे. यावर उपाय म्हणून वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजार कायदा झाला. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १३३९ फसली म्हणजे १९३० मध्ये शेतमाल बाजार कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवले. यावरून असे दिसते की, अडत किती असावी याइतकाच ती कोणी द्यावी हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

ऑनलाइन बाजारपेठ :
फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झाली, तर अॅमेझॉनची भारतीय बाजारपेठ २०१३ मध्ये. येथे विक्रेत्याच्या रकमेतून कमिशन, ठरावीक व्यवहार शुल्क आणि वजन व अंतरानुसार पाठवणी खर्च वजा होतो; या शुल्कांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. याशिवाय करपात्र विक्रीवर १ ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का कर उगमाशी गोळा होऊ लागला. जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. ही रक्कम पुढे कर भरताना वळती होते. म्हणून हिशेब मांडताना ‘गेलेला पैसा’ आणि ‘अडकलेला पैसा’ वेगळे लिहिणे आवश्यक आहे.

औरंगपुऱ्यातील पुस्तक दुकानांचे उदाहरण घेऊ. समजा, २०० रुपये छापील किमतीचे पुस्तक दुकानदारास १४० रुपयांना पडते. कमिशन २०, व्यवहार शुल्क १५ व पाठवणी ४० असे ७५ रुपये आणि त्यावरील कर १३.५० धरला, तर कपात ८८.५० रुपये होते. नफा ६० रुपयांचाच असल्याने २८.५० रुपये तोटा येतो. छापील किमतीच्या वर विकता येत नाही आणि पुस्तके करमुक्त असल्याने शुल्कावरील कर परतही मिळत नाही. याउलट पैठणीसारख्या हलक्या व मौल्यवान वस्तूस पाठवणी जड जात नाही. तेथे टक्केवारीचे कमिशन आणि परत येणारा माल या अडचणी असतात. म्हणून एका पुस्तकाऐवजी संच विकणे, वजनाचा टप्पा पाहून बांधणी करणे आणि नेहमीच्या ग्राहकास दुकानातूनच माल देणे हे व्यवहार्य मार्ग ठरतात.

स्पर्धेमुळे दर उतरतातही. मीशोने २०२१ मध्ये शून्य कमिशन जाहीर केले. अॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालील अनेक वस्तूंवरील कमिशन काढले. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसीने खुल्या जाळ्याचा पर्याय मांडला. तथापि कमिशन शून्य झाले तरी पाठवणी व जाहिरातीचा खर्च उरतोच.

निष्कर्ष :
१. आकारणी हा बाजाराचा स्थायी भाग आहे. तिचे नाव व वसूल करणारा बदलत गेला.
२. मोंढ्यात न्याय आला तो आकारणी नष्ट झाल्याने नव्हे, तर उघड लिलाव, तपासलेले वजन आणि ठरलेली अडत यांमुळे.
३. बाजार समितीत शेतकऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. ऑनलाइन दरपत्रक मात्र कंपनी एकतर्फी बदलू शकते व विक्रेत्यास तेथे आसन नाही.

कारंज्याच्या बाजारापासून १९६३ च्या कायद्यापर्यंत पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. औरंगपुऱ्यातील छोट्या दुकानदाराला तितकी वाट पाहणे परवडणारे नाही. दरबदलाची पुरेशी पूर्वसूचना आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधित्व, या दोन गोष्टींपासून आरंभ करता येईल.