हृदयरुग्णांचा प्रवास उलटा कसा फिरला?

१/ ११ जुलै २००३. संसदेवरील हल्ल्यानंतर बंद पडलेली दिल्ली-लाहोर बससेवा सुमारे दीड वर्षाने पुन्हा सुरू झाली. लाहोरहून निघालेल्या बसमध्ये जन्मतःच हृदयदोष असलेली एक चिमुरडी आईवडिलांसह बसली होती. बंगळूरच्या नारायण हृदयालयात तिच्यावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना आनंद व्यक्त झाला.

ही घटना सहसा मैत्रीची कथा म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात इतिहासाचा एक वेगळा प्रश्नही दडलेला आहे. त्याआधी अवघ्या पाव शतकापूर्वी भारतीय रुग्णच हृदयशस्त्रक्रियेसाठी परदेशाची वाट धरत होते. मग प्रवासाची दिशा बदलली कशी? आजचा धागा याविषयी.

२/ आरंभ अमेरिकेतून करू. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बुजवले. हृदय थांबवून, रक्ताभिसरण यंत्रावर सोपवून आत काम करता येते, हे सिद्ध झाले. १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया रूढ केली.

क्लीव्हलँड, ह्यूस्टन, लंडन ही जणू हृदयरुग्णांची तीर्थक्षेत्रे झाली. १९७८ मध्ये सौदी अरेबियाचे राजे खालिद यांची बायपास क्लीव्हलँडलाच झाली. राजाला ते परवडणारे होते. सामान्य माणसाचे काय?

३/ भारतात हा प्रश्न अधिक जीवघेणा होता. घशाच्या साध्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाले, की काही मुलांना पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा निकामी होतात. दाटीवाटीच्या वस्तीत, औषधोपचाराविना वाढणाऱ्या मुलांचा हा रोग. म्हणजे ज्यांना शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज, त्यांच्यापाशीच विमानाच्या तिकिटाचेही पैसे नसत.

४/ या कोंडीतून वाट काढणाऱ्या पहिल्या संस्था कोणत्या, हे पाहण्याजोगे आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ मध्ये डॉ. रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियांचा विभाग उभारला. तेथेच १९६१ मध्ये डॉ. एन. गोपीनाथ यांनी हृदय उघडून शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. तरीही जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. १९७५ मध्ये मद्रासमधील पेरांबूर येथील रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी देशातील पहिली बायपास केली.

वेल्लोरचे रुग्णालय मिशनचे, केईएम महापालिकेचे, पेरांबूरचे रेल्वेचे. नफ्यासाठी चालणारे त्यांत एकही नव्हते.

५/ कौशल्य आले, तरी कृत्रिम झडप आयात करावी लागे आणि ती महाग असे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली शल्यचिकित्सक आणि अभियंते स्वदेशी झडप घडवू लागले. पहिले तीन नमुने फसले. चौथा मात्र मेंढ्यांवरील चाचण्यांत टिकला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप प्रथमच एका रुग्णाच्या हृदयात बसली. पुढे अशा एक लाखाहून अधिक झडपा वापरल्या गेल्या.

‘भारतात सारे स्वस्तच असते’ असे म्हणणाऱ्यांनी ही वर्षे मोजावीत. स्वस्ताई आपोआप आली नव्हती. ती घडवावी लागली.

६/ याच काळात खासगी भांडवलही या क्षेत्रात उतरले. अमेरिकेतील शस्त्रक्रियेचा खर्च न जमल्याने १९७९ मध्ये आपला एक तरुण रुग्ण दगावला, असे डॉ. प्रताप रेड्डी सांगत आले आहेत. १९८३ मध्ये त्यांनी मद्रासला अपोलो रुग्णालय सुरू केले. न्यूयॉर्कहून डॉ. नरेश त्रेहान १९८८ मध्ये दिल्लीला परतले. लंडनहून डॉ. देवी शेट्टी १९८९ मध्ये कोलकात्यास आले आणि पुढे त्यांनी बंगळूरला नारायण हृदयालय स्थापले.

७/ परक्या देशात जाणाऱ्या रुग्णाला एकूण खर्च आधी कळणे अत्यावश्यक असते. ही कल्पनाही ह्यूस्टनमध्येच रुजली. डॉ. डेंटन कूली यांनी १९८४ मध्ये शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रुग्णालय या सर्वांचा मिळून एकच ठरीव दर लावण्यास सुरुवात केली. भारतीय रुग्णालयांच्या ‘पॅकेज’चे हे पूर्वरूप म्हणता येईल.

दुसरे सूत्र संख्येचे. २००८ मध्ये नारायण हृदयालयातील ४२ शल्यचिकित्सकांनी ३,१७४ बायपास केल्या. त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १,३६७ झाल्या. यंत्रे आणि शस्त्रक्रियागृहे दिवसभर कामात राहिली, की प्रत्येक रुग्णामागील खर्च उतरतो आणि हातही अधिक सरावतात.

८/ २००४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाचा एक सुतार दिल्लीच्या एस्कॉर्ट्समध्ये दाखल झाला. त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मायदेशी सुमारे २ लाख डॉलरचा अंदाज मिळाला होता. दिल्लीत प्रवासासह सारे १० हजार डॉलरच्या आत आटोपले. जून २००६ मध्ये त्याच्या सहचारिणीने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे याबाबत साक्ष दिली. ज्या देशात ही विद्या जन्मली, तेथील श्रमिकाला ती परवडेनाशी झाली होती.

९/ एकाच आयुष्यात हा बदल पाहायचा असेल, तर डॉ. मनमोहन सिंग यांचे उदाहरण घ्यावे. त्यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाली. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधानपदी असताना दुसरी झाली ती दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाच्या हातून.

१०/ मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांच्या उपचारांना उत्तेजन दिले. परकीय चलनात मोबदला मिळणारी ही सेवा निर्यात समजावी, अशी त्यात भूमिका होती. पण १० हजार डॉलर अमेरिकी सुताराला स्वस्त वाटले, तरी आपल्याकडच्या शेतमजुराला ते कसे वाटतील? दिल्ली अमेरिकेला जवळ आली होती. गडचिरोलीला मुंबई दूरच होती.

११/ हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न उशिरा झाले, पण झाले. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना गडचिरोली, नांदेड, सोलापूरसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. हृदयशस्त्रक्रियांचा तीत समावेश आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली: औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये.

१२/ हृदयरुग्णांच्या प्रवासाची दिशा दोन गोष्टींनी बदलली: सार्वजनिक संस्थांनी रुजवलेली विद्या आणि खासगी रुग्णालयांनी बसवलेले खर्चाचे गणित. पहिलीचे ऋण विसरून केवळ दुसरीचा गौरव करणे इतिहासाला धरून नाही. परदेशातून रुग्ण येतात, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु एखाद्या देशाची हृदयचिकित्सा परवडणारी आहे की नाही, याची कसोटी विमानतळावर लागत नाही. ती त्याच देशातल्या शेवटच्या एस.टी. थांब्यावर लागते.

(धागा समाप्त)